बिब्बा उतला त्याची गोष्ट

उजवा गुडघा धरला तेव्हा मी कर्जत स्टेशनावर सिग्नलचे दिवे लावायच्या कामावर होतो. शाळा तिसरीत सुटलेली, गाव लांब घाटावर. खांबाची शिडी चढवत नाही, हे साहेबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून कुणी विचारलं की मी सांगे, बूट चावतोय. माझ्याकडे बूट नव्हतेच. कुणी खाली पाहिलं नाही, हे त्या लोकांचे उपकार.

भिसेगावात ज्या शेतकऱ्याकडे राहत होतो तिथली काकी मात्र फसली नाही.

"वात हाय रं तो. निर्गुडीचा शेक घे."

"निर्गुडीनं काय व्हतंय?" तिचा नवरा म्हणाला. "बिब्बा घाल गं त्याला."

काकीने बिब्बा तापवला, सुईच्या टोकाने त्याच्या जहाल तेलाचे गुडघ्याभोवती पाच ठिपके दिले आणि बजावलं, "आता हात लावायचा नाय."

मी शहाणा. पाच ठिपक्यांनी थोडं बरं वाटलं, तर पुष्कळांनी पुष्कळ वाटेल! ती शेतावर गेल्यावर अख्खा बिब्बा मांडीपर्यंत चोळला. सकाळी तो फोड होऊन अंगभर उतला. डोळे सुजून मिटले, जांघेत गाठ आली.

दिवस गाठीच्या प्लेगाचे. स्टेशनावरचा डॉक्टर गाठ चाचपून चार पावलं मागे सरला आणि मला गावाबाहेरच्या झोपडीत टाकलं. बिब्बा सांगावा तर गुडघा उघडा पडतो. मी नोकरी वाचवली आणि प्लेग पत्करला.

तिसऱ्या दिवशी काकी बिब्ब्यावर उतारा म्हणून खोबऱ्याची वाटी घेऊन थेट डॉक्टरापुढे उभी राहिली.

"पलेग नाय, बिब्बा हाय तो. गुडघ्याला मीच घातला. पटत नसंल तर तुमचा कोपर द्या, घालून दावते."

डॉक्टराने कोपर पाठीमागे नेला. ताप नव्हताच, त्याने मला सोडलं, पण गुडघ्याची बातमी साहेबाकडे गेली.

साहेबाने शिडीकडे बोट केलं. "चढ."

काकी खाली उभी. तीन दिवस पडून राहिल्याने गुडघा हलका झाला होता. वर पोचलो.

"ठीक," साहेब म्हणाला आणि निघून गेला.

"बघितलास बिब्ब्याचा गुण?" काकी ओरडली.

पडून राहण्याचा गुण असेल, असं मनात आलं. पण ती एवढी खूश होती, आणि तिच्यामुळेच मी बाहेर होतो. "तुमचाच गुण, काकी," मी वरून म्हणालो आणि शिडीला मिठी मारून राहिलो; गुडघा पुन्हा धरला होता, उतरायचं कसं ते कळेना.