बॅगेतून काढलेली फणसपोळी

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितोय. परवा नोकरीसाठी मस्कतला निघतोय.

आज बॅग भरली आणि शेजाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाचं कोणीतरी तिकडे आहे. शरीफाचाचींनी लेकासाठी सुक्या कोळंबीचे सोडे आणले, पलीकडच्या काकूंनी जावयासाठी आमसुलं.

आंबेवाल्याकडून आणलेल्या ताणकाट्याला बॅग टांगली, तर वजन जास्त भरलं. आईने माझ्यासाठी केलेली फणसपोळी बाहेर काढली.

मी चिडलो. "अगं, माझंच काय काढतेस?"

"तू आजवर खाल्लीस की. त्यांची पोरं वाट बघत असतील," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी मलाही कुणाच्या तरी दारात अशीच पिशवी घेऊन जायचंय."

फणसपोळी आम्ही दोघांनी तिथेच बसून खाल्ली.

तिकडे असलेल्यांनो, तुमच्या बॅगेतून काय मागे राहिलं होतं?