सबरवालसाहेबांचा एक नंबर

हणमंत औशाहून दिल्लीला आला तो कलेक्टर व्हायला. त्या काळात औशाहून दिल्लीला जो तो कलेक्टर व्हायलाच येई, हेही खरं. मुखर्जीनगरच्या खोलीत त्याने भारतातल्या सगळ्या नद्या पाठ केल्या, एकदा मुलाखतीच्या दारापर्यंत जाऊन आला, आणि वय संपलं तरी कलेक्टर काही झाला नाही. मग रडत न बसता त्याने कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा कोर्स केला. दोन हजार एक साली नोएडात, तयार कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत तो नेटवर्कवाला म्हणून चिकटला. चिकटला म्हणणंही जरा जास्तच झालं. मालकांनी त्याला वर्षाच्या बोलीवर ठेवलं होतं. वर्ष सरलं की पक्का, नाहीतर घरी.

घरी म्हणजे कुठे, तेही ठरलेलं होतं. आण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "एक वरीस बघ. पक्कं झालं तर ऱ्हा तिथंच. न्हाईतर काकाच्या खताच्या दुकानात बसायला ये."

खताच्या दुकानात वाईट काही नव्हतं. पण ज्या गावाने एसटी स्टँडवर हार घालून दिल्लीला पाठवलं, त्याच गावाला आता युरियाची पोती काढून द्यायची, या कल्पनेनेच हणमंताला घाम फुटे. तो रोज चार्टर्ड बसमध्ये उभा राहून नोएडा गाठी आणि मान खाली घालून काम करी.

काम समजायला सोपं होतं. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर. आपापसांत त्यांची ओळख असायची, त्यामुळे हिशेबवाल्यांची फाइल डिझाइनवाल्यांकडे थेट जाई, कुणाला विचारायचं कारण नसे. पण ऑफिसच्या बाहेरचं काही निघालं, जर्मनीच्या गिऱ्हाइकाची मेल म्हणा की क्रिकेटचा स्कोअर म्हणा, की त्या कॉम्प्युटरला पुढचा रस्ताच ठाऊक नसे. मग तो ते एका ठरलेल्या नंबराकडे ढकलून मोकळा होई. हे माझ्या ओळखीतलं नाही, आता तूच बघ. असं सगळं ज्याच्या गळ्यात पडतं त्याला गेटवे म्हणतात. या ऑफिसात तो मान पाण्याच्या कूलरमागे भिंतीला ठोकलेल्या एका राखाडी डब्याला होता. डबा हिरवे दिवे मिचकावत असला की त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. जोडणारे लोक बहुतेक वेळा अशा डब्याला पहिला नंबर देतात, तसा याचाही नंबर होता एक.

घात झाला तो इथे. कारण कंपनीचे मालक सबरवालसाहेब एक नंबरचे वेडे होते. त्यांच्या गाडीच्या पाटीवर एक, मोबाइलच्या शेवटी एक, फार्महाउसच्या फाटकावर एक. दिल्लीत माणसाची किंमत गाडीवरून करतात, आणि गाडीची तिच्या नंबरावरून, असं त्यांचं पक्कं मत होतं, आणि दिल्लीत ते अगदीच चूक नव्हतं. एकदा हणमंत त्यांच्या केबिनमध्ये त्यांचा अडलेला कॉम्प्युटर सोडवत असताना साहेबांची नजर पडद्यावरच्या सत्तेचाळीस या आकड्यावर गेली.

"ये सैंतालीस क्या है?"

"आपका नंबर, सर."

"मेरा? तो एक किसका है?"

इथे शहाण्या माणसाने थाप मारली असती. हणमंताने साहेबांना कूलरमागे नेलं आणि डबा दाखवला. डब्यावर कुणीतरी चहाचा रिकामा कागदी कप ठेवून दिला होता. साहेब बराच वेळ त्या कपाकडे बघत राहिले.

"मैं सैंतालीस," ते शेवटी म्हणाले, "और ये डब्बा एक?"

ही हकिगत ऐकून प्रणिताने कपाळावर हात मारला. परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार तिच्याकडे होता. तिचं घर तीन पिढ्या दिल्लीतच, आता तिथल्या द्वारका भागात. त्यामुळे तिचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीची बस पकडे. "यार हणमंत, तू खरं कशाला बोललास? बोलायचं ना, एक नंबर सरकारसाठी रिझर्व्ह आहे!"

"निस्तरतो मी," हणमंत म्हणाला.

"निस्तरतो म्हणजे?"

"साफ करतो."

"अच्छा. चलो, जल्दी निस्तर."

पण त्याच्या आधी साहेबांच्या भाच्याने त्यात हात घातला. हा टोनी. त्याने महिन्याभराचा हार्डवेअरचा कोर्स केला होता, आणि महिन्याभराचा कोर्स केलेल्या माणसाला भीती ठाऊक नसते. हणमंत यायच्या आत त्याने डब्याची वायर उपटली, मामांच्या कॉम्प्युटरला एक नंबर बहाल केला आणि वायर परत खोचली. आता एका नंबराला दोन धनी झाले. ऑफिसचं निम्मं टपाल डब्याकडे, निम्मं साहेबांच्या कॉम्प्युटरकडे. साहेबांच्या कॉम्प्युटरला त्याचं काय करायचं हे कळत नव्हतं, आणि साहेब त्यावर पत्ते खेळत होते. जर्मनीला जायची प्रणिताची मेल त्या पत्त्यांत कुठेतरी विरून गेली. शिव्या पडल्या त्या अर्थात हणमंताला.

"एक बार और बंद हुआ ना," साहेब गरजले, "तो पक्का-वक्का भूल जाना!"

हणमंत मुकाट्याने कामाला लागला. त्याने डब्याला अगदी शेवटचा, दोनशे चोपन्न नंबर दिला. मग एकेका टेबलाशी जाऊन प्रत्येक कॉम्प्युटरला नवी ताकीद दिली, की आजपासून बाहेरचं सगळं दोनशे चोपन्नकडे ढकलायचं. साहेबांचा एक नंबर तसाच ठेवला. त्याला आता कुणी काही विचारत नव्हतं, काही मागत नव्हतं. मोठ्या माणसाला याहून काय हवं असतं? साहेबांनी व्हिजिटिंग कार्ड दाखवावं तसा पडद्यावरचा आपला नंबर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. ऑफिस सुरळीत चालू लागलं.

ते टोनीला बघवलं नाही. एका दुपारी त्याने कुणाच्या तरी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये नाक खुपसलं आणि धावत मामांकडे गेला. मामाजी, सगळ्यांच्या मशीनवर गेटवे म्हणून दोनशे चोपन्न लिहिलंय. बाहेर जाताना सगळे त्यालाच विचारतात. तुमचं नाव कुठेच नाही.

साहेबांनी हणमंताला बोलावलं. वर्ष संपत आलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"कंपनी मेरी. और मेरे लोग बाहर जाने से पहले किसी चपरासी नंबर से पूछते हैं? सब मेरे थ्रू जाएगा. बस."

हणमंताने खरंच सांगून बघितलं, याला प्रणिता साक्षीदार आहे. "सर, फिर आपकी मशीन कभी बंद नहीं हो सकती."

"क्यों बंद होगी? राजा कभी बंद होता है?"

"जी सर," हणमंत म्हणाला. "हो जाएगा."

आता कुणी म्हणेल, त्याने आणखी थोडं समजवायला हवं होतं. हवं होतंच. पण त्याची पक्की नोकरी चुलीत चालली होती, आणि समोरचा माणूस राजा झाला होता. हणमंताच्या मनात पहिल्यांदाच एक अगदी गोड, वाईट विचार आला आणि त्याने तो हाकलला नाही. रविवारी ऑफिस रिकामं असताना त्याने साहेबांच्या कॉम्प्युटरात वायर खोचायचं दुसरं कार्ड बसवलं, बाहेरची लाइन डब्यातून काढून त्यात खोचली, आणि एकूण एक मशीनला सांगितलं, आता साहेबांना विचारा. काम अगदी चोख केलं. त्यात कुणालाही खोट काढता आली नसती.

सोमवारी साहेब खूश होते. प्रत्येक मेल आपल्या टेबलाखालून जाते आहे, या विचाराने त्यांनी टेबलाखाली दोनदा वाकूनही बघितलं.

दुपारी सवयीप्रमाणे त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि गोल्फला निघाले. ते लिफ्टपर्यंत पोचायच्या आत अख्खं ऑफिस उभं राहिलं. साहेब परत आले, कॉम्प्युटर चालू केला, पुन्हा निघाले. गोल्फच्या हिरवळीवर मोबाइल वाजला. साहेबांनी उघडाच ठेवलेला पत्त्यांचा डाव अडकून मशीन बसली होती, केबिनच्या काचेतून नुसता निळा पडदा दिसत होता. कॉम्प्युटर उठवायचा तर केबिन उघडायला हवी, आणि केबिनची किल्ली साहेबांच्या खिशात. साहेब घामाघूम होऊन परतले तेव्हा दाराशी प्रणिता, तिच्यामागे हिशेबवाले, त्यांच्यामागे डिझाइनवाले.

"सर, नेट?"

पहिल्या दिवशी त्यांना या रांगेचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी कमी वाटला. आठवडा संपता संपता ते जेवणसुद्धा केबिनमध्ये मागवू लागले आणि पत्ते खेळायचे सोडून पाळण्यातल्या तान्ह्यावर ठेवावी तशी त्या मशीनवर नजर ठेवून बसू लागले. बाईसाहेबांबरोबर ठरलेलं मसुरीला जाणं रद्द झालं, आणि त्यावरून घरी काय झालं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. टोनीने मदत म्हणून एकदा मशीनचं मागचं झाकण उघडलं. त्यानंतर अर्धा दिवस जर्मनीशी संबंध राहिला नाही. त्या दिवशी मामांनी त्याला दूर मानेसरच्या गोदामावर धाडलं.

शेवटी साहेबांनी हणमंताला बोलावून दार लोटून घेतलं. आवाज बराच खाली आला होता.

"बेटा, इसका कोई इलाज है?"

"है सर. सब वापस डब्बे पर डालना पड़ेगा. एक-एक मशीन पर बैठकर." हणमंत दाराकडे वळला. "पर मेरा तो परसों साल पूरा हो रहा है. टोनी साहब कर लेंगे."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. हा साधासुधा मराठी पोरगा आपल्याला खेळवतो आहे की खरंच इतका सरळ आहे, हे त्यांना ठरवता येईना. बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केली. "सर, नेट?"

साहेबांनी बसल्या जागी हिशेबवाल्यांना फोन लावला. "हणमंत को पक्का करो. आज. हाँ, आज ही." फोन ठेवून ते म्हणाले, "पर एक नंबर मेरा ही रहेगा."

"बिल्कुल आपका, सर. कोई हाथ नहीं लगाएगा."

संध्याकाळपर्यंत डबा पुन्हा दिवे मिचकावू लागला. साहेब गोल्फला गेले. प्रणिताने सगळ्यांसमोर हणमंताचा हात हलवून हलवून अभिनंदन केलं आणि म्हणाली, "क्या निस्तरलंस यार!" त्याने तिचं मराठी सुधारलं नाही.

बाहेर पडून त्याने कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून औशाला फोन लावला. वर्षभर तो हेच वाक्य घोकत आला होता.

"आण्णा, पक्का झालो."

लाइन तुटली असं वाटून हणमंताने मीटरकडे बघितलं. आकडे पळत होते.

"आण्णा? ऐकू येतंय का?"

"येतंय की." आण्णांनी घसा साफ केला. "बरं झालं. लई बरं झालं. काकानं तुज्यासाठी दुकानात खुर्ची आनून ठेवली होती. नवी. मी म्हनलं हुतं त्याला, थांब जरा म्हनून."

ज्या दुकानात बसायला लागू नये म्हणून त्याने वर्षभर जिवाचं रान केलं, तिथे कुणीतरी आपली वाट बघत होतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पक्की नोकरी मिळाली म्हणजे परतीची वाट बंद झाली, हे आण्णांना त्याच्या आधी कळलं होतं. त्याला तिथे बूथवरच रडू आलं आणि ते त्याने आवरलंही नाही.

"दिवाळीला येतो ना, आण्णा."

"ये," आण्णा म्हणाले. "सुट्टी मिळंल तशी ये."