कानबाईचा चौरंग

गेल्या श्रावणात आईच्या गुडघ्यांनी पार हात टेकले. कानबाईच्या पाटासमोर तिला खाली बसता येईना, म्हणून देवीला कुंकू माझ्या बायकोनं लावलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. आई खाटेवरून नुसती बघत राहिली आणि प्रसादाचा रोट न खाताच कूस बदलून झोपली. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी तिला खुर्चीत बसून पूजा करता येईल असा उंच पायांचा चौरंग करायचा.

ठरवायला काय जातं? मी धुळ्यात सुतारकाम करतो, म्हणजे हल्ली प्लायवूड कापतो आणि त्यावर सनमायका चिकटवतो. संध्याकाळी खांदा असा भरून येतो की जेवायचाही कंटाळा येतो. साक्रीत पाडलेल्या एका घरातून सागाची फळी आणली होती, ती आठ महिने दुकानात तशीच उभी. बायको म्हणायची, लोकांचे देव्हारे वेळेवर होतात, घरची देवीच तेवढी तुमच्या मुहूर्ताची वाट बघते.

आषाढात एकदाचा बसलो. आमच्यात देवीपेक्षा उंच बसत नाहीत, आणि कानबाई म्हणजे नाक-डोळे लावून, नथ घालून सजवलेला नारळ. खुर्चीतल्या आईच्या डोक्यापेक्षा कानबाईचा नारळ वर राहायला हवा, म्हणून पाय चांगले लांब धरले. कागदावर तीनदा काढलं, तीनदा खोडलं. वरच्या कडेला कापसाची बोंडं कोरली आणि पायांच्या तळाशी केळीची पानं. रोज एक पान व्हायचं, त्यापुढे हात चालत नसे. खरं सांगायचं तर भक्ती कमी आणि चिडचिडच जास्त होती.

श्रावणात कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, शनिवारी चौरंग घरी आणला. बायकोनं दारातच त्याला हळद-कुंकू लावलं. देवीच्या आसनाला एकदा हळद-कुंकू लागलं की पुन्हा हत्यार लावायचं नाही, हा आमच्या घरचा नेम.

रविवारी स्थापनेआधी आई म्हणाली, नारळ नुसता ठेवून बघू. तिला समोर खुर्चीत बसवलं. तिनं हात उचलला, तो छातीपाशीच थांबला. पुन्हा उचलला. बोट नारळाच्या खाली वीतभर अडलं. रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पिणारी ही बाई वर्षभरात किती वाकली, ते मला दिसलंच नव्हतं. मी माप घेतलं ते आठवणीतल्या आईचं. तीस वर्षं सुतारकी करून घरात टेप लावायचं सुचलं नाही, याची लाज वाटली.

बायको आईला म्हणाली, मी तुमचा हात धरते. आईनं नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं.

"कापी टाक भाऊ. देवी मोठीच शे, तिले उंच कसाले कराले पायजे? मना हात पोचाले पायजे."

अंगणात चौरंग आडवा केला आणि करवत चालवली. केळीची सगळी पानं त्या चार तुकड्यांत गेली. मला वाईट वाटायचं त्राणही उरलं नव्हतं.

मग देवी बसली. आईचं बोट कपाळापर्यंत पोचलं. तिनं कुंकू लावलं, नथ सरळ केली आणि रोटही खाल्ला. खाता खाता चौरंगाच्या पायांकडे बघत अगदी सहज म्हणाली, "पुढला साल आखो कापनं पडी."

मी म्हटलं, हो, आणखी कापू. पायांत अजून दोन विती लाकूड होतं.