डोकं न हलवता चालणारी बाई

काय काम करता, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, "व्हिडिओत चालणाऱ्या माणसांच्या मागावर राहते." लोक बिचकतात. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तर गावात चारचौघांत खुशाल सांगतो, "आमची बहीन लोकांच्या पाळतीवर असती." सांगू दे. मी नगरला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात हे काम करते, आणि खरं सांगायचं तर त्यात मला जे दिसलंय त्यानं माझं तोंड बंद झालंय. माझं तोंड बंद होणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही.

लोकांना वाटतं कॉम्प्युटरला माणूस दिसतो. डोंबल दिसतो! त्याला नुसते रंगाचे कण दिसतात. मग तो अंदाज बांधतो. समजा एक माणूस रस्त्यानं चाललाय. प्रोग्रॅम त्याच्याभोवती चौकट काढतो आणि मूठभर तांदूळ फेकावेत तसे ठिपके फेकतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एक शक्यता, माणूस इथं असेल, नाहीतर तिथं असेल. पुढच्या क्षणी जे ठिपके खरे ठरतात त्यांचं वजन वाढतं, बाकीचे गळून जातात. आणि तो माणूस ट्रकच्या आड गेला तर? तर ठिपके थांबत नाहीत. ज्या वेगानं, ज्या दिशेनं तो चालला होता तसेच ते ट्रकमागून चालत राहतात, मात्र हळूहळू पसरत जातात, कारण खात्री कमी होत जाते. माणूस पलीकडून बाहेर आला की सगळे धावत त्याच्याभोवती गोळा होतात. हे मी पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. दिसत नसलेल्या माणसाची वाट पाहायला कुणी गणिताला शिकवलं?

शिवाय प्रत्येकाची चाल वेगळी. माझंच घ्या. मी डावं पाऊल आत टाकून चालते. लहानपणी आई लांबूनच ओरडायची, "सरळ टाक की पाय! बदकावानी काय चालती?" मी सरळ टाकायची, चार पावलं झाली की पाऊल पुन्हा आत. ते आजही तसंच आहे.

आई माझी ऊसतोड करणारी. आमच्या पाथर्डी भागात दसरा-दिवाळी झाली की निम्मी गावं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्यांकडं निघतात, तशी तीही निघायची. बाप तोडायचा, ती मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रॉलीत टाकायची. आम्ही भावंडं पाचटात खेळायचो. आता ती दादाकडं गावी असते, आणि अलीकडं विसरायला लागली आहे. आधी भांडी कुठं ठेवली ते विसरली, मग जेवली की नाही ते. गेल्या उन्हाळ्यात मी घरी गेले तर उंबऱ्यातच तिनं मला विचारलं, "बाई, तुमी कोन? कुनाकडं आलात?" मी म्हणाले, "तुझ्याकडंच आले गं." तिनं मला पाहुणीसारखा चहा दिला. मी तो प्यायले, आणि मागच्या अंगणात जाऊन भरपूर रडले.

त्यानंतरच्या नवरात्रात आमच्याच भागातल्या डोंगरावरच्या देवीच्या यात्रेचं काम आमच्याकडं आलं. पायऱ्यांवर गर्दी तुंबायला लागली की आधीच कळावं, एवढंच हवं होतं. खांबांवर कॅमेरे लावले. ते इतके उंच की चेहरे दिसणारच नाहीत, आणि कुणाचे चेहरे आम्हाला नकोही होते. खाली पोलिसांच्या मंडपात आमचे पडदे मांडले. प्रोग्रॅम आम्ही नगरच्या बाजारात महिनोन् महिने तपासला होता. दोन माणसं एकमेकांना ओलांडून गेली की कुठला कोण हे तो कपड्यांच्या रंगावरून ओळखायचा, आणि झकास ओळखायचा. मी मोठ्या ऐटीत खुर्चीत बसले.

आणि सकाळपासून सगळा गोंधळ! एका बाईची चौकट दुसरीवर, दुसरीची तिसरीवर. चौकटी नुसत्या नाचत होत्या. बंदोबस्तावरची एक महिला पोलीस माझ्या शेजारी बसली होती, चाळिशीची, तोंडाळ, थेट माझ्या जातकुळीची. ती पडद्याकडं बघत म्हणाली, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला समद्या बाया एकाच आईच्या लेकी दिसत्यात जनू."

मी पडद्याकडं नीट पाहिलं. सगळा डोंगर पिवळा झाला होता. नवरात्रात रोजचा एक रंग असतो, गल्लीतल्या भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबीणबाईपर्यंत सगळ्या त्या दिवशी त्याच रंगात. त्या दिवशी पिवळा होता. मी स्वतः सकाळी कपाटातून शोधून पिवळी साडी नेसले होते, वर मॅचिंग बांगड्या! आणि रंगावर माणूस ओळखणारं यंत्र घेऊन मी नवरात्रात बसले होते. कपाळावर हात मारून घेतला. पोलीसबाई इतकी हसली की तिचा चहा सांडला.

ते हसू अर्धंच राहिलं, कारण तेवढ्यात दादाचा फोन आला. तो आईला आणि वहिनीला घेऊन दर्शनाला आला होता. "आई हाय का गं तुझ्याकडं?"

"माझ्याकडं कशी असेल?"

"मग हरवली." त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "नारळ फोडायच्या जागी तुझ्या वहिनीनं पिशवीतून नारळ काढाया हात सोडला. मागं वळली तर न्हाई. अर्धा तास झाला. लई शोधलं गं."

आईला शुगर. सकाळची गोळी घेतलेली आणि दर्शनाआधी खायचं नाही म्हणून पोटात काही नाही. ऊन मी म्हणत होतं. डोंगराखाली हायवे, त्यावर यात्रेचे टेम्पो, जीपा, ट्रक. आणि कुणी विचारलं तर स्वतःचं नाव ती सांगेलच याची खात्री नाही. वहिनीनं तिला कौतुकानं नेसवलेली साडी कुठल्या रंगाची, हे वेगळं सांगायला नकोच. तरी पोलीसबाईनं स्पीकरवर पुकारा करायला लावला, "पिवळी साडी नेसलेल्या वयस्कर बाई..." आणि खालच्या चौकीत बघता बघता म्हाताऱ्यांची रांग लागली. त्यात आई नव्हती.

मी रेकॉर्डिंग मागं नेलं. नारळाची जागा सापडली. वहिनी सापडली, शेजारी आई. वहिनी पिशवीत वाकली, मधून एक घोळका गेला, आणि आईची चौकट टुणकन उडी मारून कुठल्यातरी दुसऱ्याच बाईवर बसली. "अरे मेल्या, ती नाही! ती नाही!" मी पडद्यावर ओरडले. त्याला काय ऐकू येणार? पुढं सगळं पिवळंच पिवळं.

रंग गेला, चेहरा नाही. उरलं काय? हालचाल. मी रंगाचा भाग प्रोग्रॅममधून काढूनच टाकला आणि चौकटी हुकण्याआधी माणसांची डोकी कशी कशी हलली त्याच्या रेघा काढल्या. माणूस चालतो तेव्हा त्याचं डोकं प्रत्येक पावलाला वर-खाली होतं, म्हणून रेघ लाटेसारखी येते. वहिनीची रेघ लाटेसारखी होती. तिच्या मागच्या बाप्याची तशीच. आईची सरळ होती.

मला वाटलं मोजण्यात काहीतरी चुकलं. पुन्हा काढली. पुन्हा सरळ, पट्टीनं आखल्यासारखी. मग लख्ख आठवलं, फळीवरून चढणारी आई, डोक्यावर मोळी, खाली पाय लटपटतायत पण मान हलत नाही. हलली की मोळी गेली. ती मोळी उतरवून किती वर्षं झाली, माझं नाव ती विसरली, जेवण विसरते, पण तिची मान अजून मोळी सांभाळत चालली होती.

"सरळ रेघेची बाई शोध," असं मी प्रोग्रॅमला सांगितलं. वाटलं, आता एकच चौकट उजळेल.

पडदा भरून गेला. पायऱ्यांवर, मंडपात, पाळण्यांजवळ, एकामागून एक चौकटी उजळत गेल्या. थांबेचनात. लाटांच्या त्या सगळ्या कालव्यातून सरळ रेघा शांत चालल्या होत्या, वर देवीकडं आणि देवीकडून खाली. म्हाताऱ्या होत्या, मधल्या वयाच्या होत्या, कडेवर पोर घेतलेल्याही होत्या. मी हे काम किती वर्षं करते, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं. आख्खा तालुका डोक्यावर न दिसणाऱ्या मोळ्या घेऊन देवीला आला होता आणि ते कुणालाच, त्या बायांनाही, ठाऊक नव्हतं. आईची काळजी काळजाला टोचत असतानाही मी दोन क्षण नुसती बघत राहिले.

पोलीसबाई उठून पडद्याजवळ गेली. "ह्या समद्या ऊसतोडीच्या?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. "माझी आई बी असती ह्यात," ती म्हणाली. "जिती असती तर." मग डोळे पुसून एकदम खेकसली, "बगत काय बसलाय मॅडम? तुमची हुडका की!"

नारळाच्या जागेपासून निघालेल्या तेवढ्याच सरळ रेघा ठेवल्या. बहुतेक वर देवळाकडं गेल्या, काही खाली एसटीच्या दिशेला. एकच आडवी निघाली. ती गर्दी कापत बांगड्यांच्या दुकानांमागं गेली, ताडपत्रीआड झाली आणि तिथंच आमचा शेवटचा कॅमेरा संपला. पुढं काही दिसतच नव्हतं. पण ठिपके होते. मी ते तसेच पुढं चालू दिले. तिच्याच वेगानं, तिच्याच दिशेनं ते कॅमेरा नसलेल्या रिकाम्या नकाशावरून चालत राहिले, पसरत गेले, काही ओढ्याकडं फुटले, काही हायवेकडं. बरेचसे मात्र एका मोकळ्या जागेवर जाऊन दाटले. नकाशावर तिथं 'पार्किंग' लिहिलं होतं.

पार्किंग आता. आधी ते मैदान होतं. कारखान्याला निघण्याआधी देवीला नारळ द्यायचा आणि दर्शन झालं की खाली मैदानात आपल्या ऊसतोडीच्या टोळीच्या ट्रॅक्टरपाशी जमायचं, ही आमच्याकडची रीत. हरवलं की तिथंच यायचं, हे आम्हाला लहानपणी घोकून घेतलेलं.

मी चपला हातात घेऊन पळाले.

मैदानाच्या कडेला ऊस वाहणाऱ्या दोन रिकाम्या ट्रॉल्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या सावलीत ती उभी होती. पिवळ्या साडीत, मान ताठ, डोळ्यांवर हात धरून गर्दीकडं बघत. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी छातीत धडकीही भरली. "बाई, तुमी कोन?" म्हणाली तर? हात धरला आणि अनोळखी बाई ओढतेय म्हणून ओरडली, पुन्हा पळाली तर? मी पळायची थांबले. चपला पायात घातल्या आणि तिला बुजवायला नको म्हणून साधी चालत निघाले.

अजून बरंच अंतर होतं. एवढ्या लांबून तिला माझं तोंड दिसणं शक्यच नव्हतं. आणि पिवळ्या साड्या तर आजूबाजूला पन्नास फिरत होत्या. तिनं डोळ्यांवरचा हात काढला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "सरळ टाक की पाय!"

मी जमेल तसं सरळ चालत तिच्यापाशी गेले. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "कुठं हुतीस गं? समदी गर्दी हुडकली मी. चल, बस. तुजी जागा धरलीय." ट्रॉलीच्या फळीवर तिनं आपली पिशवी पसरून ठेवली होती, लहान पोर मावेल एवढ्या जागेत. मी तिथं अंग चोरून बसले. पर्समध्ये बिस्किटाचा पुडा होता, तो तिच्या हातात दिला. तिनं पहिलं बिस्कीट माझ्या तोंडात घातलं.

तेवढ्यात फोन वाजला. दादा होता. "घावली का गं? बोल की! घावली का?"

माझं तोंड बिस्किटानं भरलेलं. आईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"घावली रं, घावली," ती म्हणाली. "चालन्यावरनंच वळखली मी तिला. आता तू बी ये बिगीबिगी, गाडी निघंल."