राणीच्या खुर्चीत

शारजाच्या शाळेत मी दहावीला ब्रिटिश बोर्डाचा इतिहास शिकवायचे, तेव्हाची गोष्ट. धडा होता ट्यूडर घराण्यातल्या त्या अविवाहित राणीचा आणि तिच्या पार्लमेंटचा. आपलं लग्न आणि धर्म, या दोन विषयांवर सभासदांनी तोंड उघडायचं नाही, असा राणीचा दंडक. तरी एक जण उठलाच. राणीसुद्धा चुकू शकते, म्हणाला. गंमत पुढे आहे. राणीला काही करावंच लागलं नाही. घाबरलेल्या सभागृहानेच त्याचं भाषण मध्ये तोडलं आणि त्याला तुरुंगात धाडलं.

माझ्या अंगात खुमखुमी भारी. म्हटलं, हे पोरांकडून वर्गातच करून घेऊ. राणी व्हायला कुणी मुलगी तयार होईना, म्हणून टेबलामागे मीच बसले. उठून बोलायचं काम एका केरळी मुलीकडे होतं. हात वर केल्याशिवाय तिचा एक तास जात नसे. पाठ केलेलं भाषण तिने झकास म्हटलं आणि थांबलीच नाही. "मिस, इथे कुणाला असं बोलता येतं का?"

दार उघडं होतं, व्हरांड्यातून सुपरवायझर बाईंच्या सँडलचा आवाज येत होता. मी काही बोलायच्या आत पहिल्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "शट अप, तुझ्या डॅडींचा व्हिसा कॅन्सल होईल." चौघांनी तिला धरून कपाटामागे, म्हणजे आमच्या तुरुंगात, नेलं. नाटकात ते होतंच, पण हसत कुणी नव्हतं.

"सोडा तिला," मी म्हणाले. खऱ्या राणीनेही पुढे त्या सभासदाला सोडलं होतं.

गुरुवारी नवरा सुट्टीसाठी अबू धाबीजवळच्या मुसफ्फाहून, कामावरून घरी आला. सगळं ऐकून त्याने ताट बाजूला सारलं. "अगं, सिलॅबस संपवायचा आणि खलास. नाटकं कसली करतेस? व्हिसा गेला तर बॅगा भरायच्या आपण." मी त्याच्यावर चिडले, पण आठवडाभर फोन वाजला की आधी नंबर शाळेचा नाही ना ते बघायचे. प्रिन्सिपल बाईंनी बोलावलं तेव्हा तर माफीची वाक्यं जुळवतच गेले. त्यांना वार्षिक समारंभात मुलींना नऊवारी नेसवणारं कुणीतरी हवं होतं.

तक्रार कधीच आली नाही. बहुधा कुणी काही ऐकलंच नव्हतं. त्या मुलीने मात्र वर्ष संपेपर्यंत माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही.