चार बोटं वाळू

खमैसचं शेत पाण्यावर आहे. सगळ्यात खाली समुद्राचं खारं पाणी, त्यावर सायीसारखं तरंगणारं पावसाचं गोडं पाणी, आणि त्यावर वाळू. भरती आली की खारं पाणी फुगतं आणि गोड्या पाण्याला मुळांपर्यंत उचलून धरतं. ओहोटीला दोन्ही खाली जातात. शेत जणू झोपेत श्वास घेतं. कांद्याला वरून थेंबही घालावा लागत नाही. वाळू मात्र नेमकी हवी. कमी पडली तर मुळं मिठात बुडतात, जास्त झाली तर तहानेनं मरतात.

खमैसचे पूर्वज समुद्रापलीकडच्या अंदालुसमधून हाकलले गेले आणि इथे, घार अल मिल्हला उतरले. चांगली जमीन आधीच लोकांची होती. यांच्या वाट्याला खाजण आलं. त्यांनी पाट्यांनी वाळू वाहून त्यात शेतं रचली. तेव्हा बंदरात लढाऊ गलबतं उभी असत. नदी गाळ आणत राहिली, गलबतं यायची थांबली, मग नदीनंही तोंड फिरवलं. किल्ले तेवढे उरले. त्यांच्या भिंती मी बावीस वर्षं दुरुस्त केल्या. तटावर बसलं की खाली बोरूच्या कुडांनी आखलेले वाफे दिसतात. दुपारी पाणी कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं, ते कळत नाही. होडी कांद्यांतून चालत गेल्यासारखी वाटते.

गेल्या हिवाळ्यात समुद्रानं खाजणापुढची वाळूची पट्टी फोडली. खाजणाचं पाणी चढलं ते उतरलंच नाही. खमैसनं वाफ्यात खड्डा खणला, बोट बुडवून चाखलं, मलाही चाखायला लावलं. मचूळ.

"चार बोटं वाळू चढवायची," तो म्हणाला.

त्याची बायको दलंदा कुडाला टेकून उभी होती. "एकाहत्तर वर्षांचा झालास. कोण चढवणार? मी?"

"उस्ता आहे ना," त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. गवंड्याला आमच्याकडे उस्ता म्हणतात.

"म्हणजे दोन पाठी मोडणार," दलंदा म्हणाली. "ऐक. हे एक पीक बघू. नाही आलं तर बिझर्तला मुलीकडे जायचं. मग वाळूचं नाव काढायचं नाही."

"कबूल," खमैस म्हणाला. तो कबूल झाला, म्हणून मीही वाळू वाहायला गेलो.

रोज साठ पाट्या. एकही कमी नाही. पाटी काठोकाठ भरायची नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाठ धरत नाही. तीन आठवडे लागले. खमैस जागोजागी हात आडवा रोवून चार बोटं मोजायचा. मी टेप काढला.

"तुझ्या टेपला तहान कळते का, उस्ता?"

"तुझ्या बोटांना कळते?"

"माझ्या बापाच्या बोटांना कळायची. त्यांच्यावरनंच मी शिकलो."

कांद्याची रोपं लावली. आठवड्यानं दुपारी पाती माना टाकू लागल्या. पुन्हा खणलं. पाणी गोड होतं, पण खोल. मुळं पोचतच नव्हती.

"चार बोटं म्हणजे चार बोटं," खमैस पुन्हापुन्हा म्हणत होता.

दलंदानं त्याचा हात धरून माझ्यापुढे केला. सांधे सुजून लिंबाएवढे झालेले. "पाच वर्षांपूर्वी या बोटातली अंगठी कापून काढावी लागली. आणि हा अजून बापाचा हात मोजतोय!"

खमैसची आताची चार बोटं म्हणजे बापाची पाच. आम्ही एक ओळ करून पाहिली. रोपं उपटली, बोटभर वाळू खरवडली, रोपं परत लावली. तिसऱ्या दिवशी ती दुपारीही ताठ होती. आता सगळंच तसं करायला हवं होतं. वाहिलेली वाळू परत वाहून न्यायची. यापेक्षा वाईट काम नाही. मी त्याला शिव्या दिल्या आणि पाटी उचलली. उपटलेली रोपं तग धरेनात, ऊन वाढत गेलं. अर्धं शेत झालं. उरलेलं हातचं गेलं.

एप्रिलच्या शेवटी दलंदा बघायला आली. उजवीकडे गुडघ्याएवढी हिरवी पात, डावीकडे कोरडी वाळू. कुडांमधून वारा येत होता आणि पात पाण्यासारखी हलत होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"अर्धंच आलं."

"अर्धं आलं," खमैस म्हणाला.

"मग अर्धा तू इथे राहा, अर्धा बिझर्तला पाठवते."

"कुठला अर्धा?"

"बोलतो तो."

खमैस हसला नाही. ती काय ठरवते याची वाट बघत उभा राहिला. दलंदानं दोन कांदे उपटले, पदराला पुसले, एक चावून पाहिला. मग तिथूनच मुलीला फोन लावला.

"आम्ही येत नाही गं," ती म्हणाली. "नाही, भांडलो नाही. इथलं अर्धं काम राहिलंय."