धरलेली पात

आई राणीसावरगावात लोकांच्या शेतात खुरपायला जायची. वडील मी लहान असतानाच गेले. शाळा सुटली की मीही तिच्या शेजारची पात, म्हणजे खुरपायची ओळ, धरायची. आई म्हणायची, "धरलेली पात सोडायची न्हाई. मधीच उठलीस तर उद्या कुणी बोलवायचं न्हाई." बोलावणं नसेल त्या दिवशी घरात नुसत्या कण्या शिजायच्या. अशाच हट्टानं मी बी.एस्सी. झाले, घराण्यातली पहिली. हे सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. पूर्णेच्या एका शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवायची आणि आमचे हे गणित. शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले होते, पण ते कापडाखालीच असायचे. शेवटी संस्थेनं कळवलं, बोर्डाच्या परीक्षेच्या आत दहावीची एक चाचणी कॉम्प्युटरवर घ्या, नाहीतर मशीनं परभणीच्या शाळेत नेऊ. यांनी ते फार मनाला लावून घेतलं.

चाचणीचे दोन प्रोग्रॅम मिळाले, दोन फ्लॉप्यांवर. पहिल्यात एका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा दिसत नसे, आणि मागं फिरता येत नसे. चारांतला एक पर्याय निवडायचा, की शेवटी झटक्यात गुण. दुसरा लय मंद. त्यात आकडेमोड करून उत्तर स्वतः टाइप करावं लागे, आणि दर उत्तराला फ्लॉपी कर्र करून ते लिहून घेई. पण न येणारा प्रश्न सोडून पुढं जाता येई. सर्किटची आकृती दोन्हींत निघत नसे, ती मी फळ्यावर काढणार होते.

मला पहिला आवडला. हातचा प्रश्न पुरा केल्याशिवाय पुढं कशाला जायचं? यांना दुसरा. रोज डबा खाताना तोच वाद. एकदा हसून म्हणाले, "मास्तरीणबाई, ही खुरपणी न्हाई, पेपर हाय. पोराला येतंय ते आधी सोडवू द्या की."

पौषात यांना कावीळ झाली. अंथरुणावरूनही विचारायचे, कोणता ठरवला? मी म्हणायची, तुम्ही बरे व्हा, मग भांडू. ते भांडण राहूनच गेलं.

यांचं दिवसकार्य झालं, आणि महिन्यानं मी शाळेत गेले तर हेडमास्तर चाचरत म्हणाले, बाई, मशीनं जाऊ द्यावीत का? मी नाही म्हणाले. आधी माझ्या पसंतीचा प्रोग्रॅम लावून पाहिला. पहिल्याच जोडीतली एक मुलगी तिसऱ्या प्रश्नावर अडली आणि तिथंच बसून राहिली. तेवढ्यात लाइट गेली. लाइट आली तेव्हा दोघींचंही काहीच उरलं नव्हतं. ती मुलगी खाली मान घालून म्हणाली, "बाई, मला येणारी गणितं पुढं असतील ना?"

मी फ्लॉपी काढली आणि यांची घातली.

गणिताचे प्रश्न त्यात यांनीच भरून ठेवले होते, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मुलांना ते मोठ्यानं वाचावे लागत. एकानं वाचलं, "पूर्णेहून गाडी सुटली. वेळेवर सुटली असं धरा." हे त्यांचं वर्गातलं नेहमीचं बोलणं. सगळी हसली. मग एकदम माझ्याकडं बघायला लागली. मी फळ्याकडं तोंड करून आकृती काढत राहिले.

त्या दिवसांत लाइट कितीदा तरी गेली. आली की फ्लॉपी कर्र करायची आणि मुलांची उत्तरं जिथल्या तिथं दिसायची. दर वेळी वाटायचं, आता हे पाहायला यांनी इथं असायला हवं होतं. कुणाला सांगणार? घरी गेले की दोन डबे घासायची सवय, एकच घासायचा असायचा.

दोघादोघांना बसवून दहावीच्या सगळ्या मुलांची गणिताची आणि भौतिकशास्त्राची चाचणी मी बोर्डाच्या परीक्षेच्या आत पुरी केली. दोन्ही कॉम्प्युटर पूर्णेतच राहिले.